झाकणाच्या आतल्या खुणा

प्रिय खारू,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. पत्र कसलं, चार ओळींची चिठ्ठीच ती. मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच दिवशी दुपारी घरी सोडतात, काळजी करू नये. आणि शेवटी तुझी ती खास ओळ, ‘कळवायचं म्हणून कळवतेय, विचारायचं म्हणून नाही.’ मी जिन्यात उभी राहूनच हसले. पासष्टाव्या वर्षीही तू वाक्य असं टाकतेस की समोरच्यानं जणू आधीच वाद घातलाय. तर मी वाद घालत नाही. ऑपरेशन जरूर कर. फक्त बारा तारखेच्या आत हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच चिडून खणात टाकशील, माहीत आहे मला. तसं करू नकोस. तुझ्या डोळ्यांचा प्रश्न आहे. तुझ्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली आहे, तीही याच पत्रात सांगायची आहे. फोनवर ते जमलं नसतं. फोनवर आपण थंडी कशी आहे, गुडघे कसे आहेत एवढं बोलतो आणि मग दोघींनाही अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.

पहिली बातमी अशी की माझंही ऑपरेशन झालं. उजव्याच डोळ्याचं, दीड महिन्यापूर्वी. आणि दुसरी, जी मी नऊ वर्षं दाबून ठेवली, ती अशी की मला नुसता मोतीबिंदू नव्हता. मला काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. नऊ वर्षं रोज थेंब घालते आहे, आणि आमचे हे, माझी लेक आणि औषधाचा दुकानदार सोडला तर कोणाला पत्ता लागू दिला नाही. तुला तर नाहीच. आधी या दोन बिंदूंमधला फरक सांगते, कारण नावं सख्ख्या बहिणींसारखी असल्यामुळे सगळ्यांचाच घोटाळा होतो, माझाही झाला. आमच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हात बर्फासारखे गार आणि बोलणं गरमागरम. त्यांनी मला खिडकीचं उदाहरण दिलं. मोतीबिंदू म्हणजे काचेवर साचलेलं धुकट. काच बदलली की झालं. काचबिंदूत काच चांगली असते, पण खिडकीच कडेकडेनं बुजत येते, एकेक वीट चढल्यासारखी. डोळ्यातला दाब मागची नस हळूहळू मारत जातो, आणि मेलेली नस कोणतंही ऑपरेशन परत आणत नाही. त्यातलं सगळ्यात फसवं काय सांगू? बुजलेल्या जागी काळं दिसत नाही. मला वाटायचं, न दिसणं म्हणजे अंधार. तसं नसतं ग. तिथलं नुसतं नसतंच, आणि ते नाही हेही कळत नाही. आजूबाजूचे धागे ओढून मन ते भोक रफू करून टाकतं, आणि आपण समजतो कापड अख्खं आहे.

या आजाराची एक परीक्षा असते. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून हनुवटी टेकायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठे बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. परीक्षा म्हटलं की माझं काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? शाळेतल्या मदरनी मला नीटनेटकेपणाबद्दल दिलेली निळी फीत मी झोपतानाही काढत नव्हते, आणि तू एका रविवारी ती शेजारच्या मांजराच्या गळ्यात बांधून त्याला ‘मॉनिटर’ म्हणत अंगणभर फिरवलं होतंस. त्या फितीवाल्या मुलीनं नंतर चौतीस वर्षं नगरपालिकेत टंकलेखन केलं, आणि बिनचूक केलं. त्यामुळे झालं काय, की त्या वाडग्यात तोंड घातलं की दोन मिनिटांत माझ्या बोटांना दिव्यांचा ठेका सापडायचा. टिक, टिक, टिक. वेळ झाली की अंगठा खाली. दिवा दिसला की नाही, हा प्रश्नच उरायचा नाही. शप्पथ सांगते, फसवायचा विचार नव्हता. पण बटण न दाबता गेलेला प्रत्येक क्षण मला चुकलेल्या उत्तरासारखा वाटायचा, आणि चुकलेलं उत्तर मला कधी सोसलेलं नाही.

आधीचे म्हातारे डॉक्टर होते तोवर हे खपलं. आलेख विचित्र आला की ते म्हणायचे, मोतीबिंदूमुळे धूसर येतोय, पुढच्या वर्षी बघू. नव्या बाईंनी मात्र ऑपरेशनची तारीख देण्याआधी सगळे जुने कागद टेबलावर मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, आजी, हे यंत्र मधूनमधून मुद्दाम एखादा ठोका गाळतं, तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय, न लावलेले दिवेसुद्धा तुम्हाला दिसलेत, इतकी तेज नजर माझ्या दवाखान्यात अजून आलेली नाही. आमचे हे शेजारी बसले होते. ते आधी खोकले आणि मग उघडउघड हसले. मी मात्र सहावीत कॉपी करताना सापडल्यासारखी लाल झाले. बाईंनी मला पुन्हा बसवलं, आणि बटण माझ्या उजव्या हातातून काढून डाव्या हातात दिलं. टंकलेखक बाईंचा उजवा हात आज रजेवर, म्हणाल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी परीक्षा दिली. कागद आला तेव्हा डावीकडचा आणि खालचा सगळा भाग शाईची दौत सांडल्यासारखा काळा होता. दोन वर्षांपूर्वी खरं कळलं असतं तर थेंब बदलता आले असते, थोडी अधिक खिडकी राहिली असती. पैकीच्या पैकी गुण मिळवण्याच्या नादात मी ती घालवली.

ऑपरेशनचं मात्र घाबरू नकोस. खुद्द ऑपरेशन म्हणजे वीस मिनिटं डोळ्यावर रंगीत पाणी हलताना बघणं. माझ्या बाबतीत बाईंना आधी बराच विचार करावा लागला. दाब उतरवण्याचं दुसरं ऑपरेशन त्याच वेळी करायचं की नाही हा एक प्रश्न होता. शेवटी ठरलं की आधी फक्त मोतीबिंदू काढू, फुगलेलं भिंग गेलं की आत जागा होते आणि दाबही थोडा उतरतो. इतक्या वर्षांच्या थेंबांमुळे माझी बाहुली नीट उघडत नव्हती, तिला चुचकारावं लागलं. आणि भारीतलं, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं भिंग त्यांनी मला दिलं नाही. ज्यांची नस दुबळी, त्यांना ते मानवत नाही म्हणाल्या. साधं भिंग घालू, लांबचं हवं की जवळचं, बोला. मी जवळचं मागितलं. लांबचं जग बघून झालंय, आता अक्षरं दिसू देत. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब एकदम चढला, तेव्हा दोन तास दवाखान्यात बसवून गोळ्या दिल्या. आमच्या ह्यांनी त्या दोन तासांत भिंतीवरचा डोळ्याचा नकाशा पाठ केला. भूगोलाचे मास्तर ना! घरी आल्यावर त्यांनी थेंबांचं कोष्टक केलं, लाल, हिरव्या, जांभळ्या शाईत, आणि वर लिहिलं, ‘पर्जन्यमान’. हसून हसून पट्टी ओली व्हायची वेळ आली. आणि खारू, पट्टी काढल्यावर काय दिसलं असेल? स्वयंपाकघरातली पांढरी भिंत पांढरी निघाली. गेली कित्येक वर्षं मी तिला पिवळट म्हणत होते आणि रंगाऱ्याला नावं ठेवत होते. चहाच्या कपाच्या काठावर निळी रेघ होती. ह्यांच्या भुवईत एक पांढरा केस आडवा उभा होता, तो मी त्याच दिवशी ओढला. वर्तमानपत्रातली सगळ्यात बारीक अक्षरं मला बिनचष्म्याची वाचता येऊ लागली. मी मनातल्या मनात निळी फीत पुन्हा छातीवर लावली.

आता शनिवारचं सांगते. शनिवारी सकाळी मी खाली पत्रपेटी उघडायला गेले. तुझं पाकीट दिसलं. तू पत्र पाठवलंस यातच नवल होतं, म्हणून तिथेच फाडलं, तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर घडाघडा वाचलं, हसले, पेटीला कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं आणि जिना चढून वर आले. थोड्या वेळानं माझी नात वर आली. नऊ वर्षांची आहे, घरात तिला सगळे ठिणगी म्हणतात, त्यावरून स्वभाव ओळख. ती आली ती थेट आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन बसली आणि बोलेना. खूप विचारल्यावर फुटली. तिनं आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं कात्री घेऊन केस कापले होते, पार कानापर्यंत, आणि आईचा ओरडा खाऊन मला दाखवायला आली होती. पत्रपेटीच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून, हसत उभी होती. हाक मारली नाही, कारण आजीनं आपणहून बघून दचकायला हवं होतं. मी खाली आले, तिच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून चिठ्ठी वाचली, हसले, आणि गेले. ती म्हणाली, आजी, तू माझ्याकडे पाहिलंस आणि न बघितल्यासारखं करून निघून गेलीस. आजोबा समजावू लागले, अगं, आजीला कडेचं दिसत नाही. तर ती उसळली, खोटं बोलू नका, एवढं बारीक अक्षर दिसतं आणि एवढी मोठी मी दिसत नाही?

मी सोफ्यावर बसले. कारण ही दोन्ही वाक्यं मी आधी ऐकलेली होती. जवळजवळ शब्द न् शब्द. त्रेचाळीस वर्षांपूर्वी तू मला पत्रात लिहिली होतीस.

बाबांचा विषय काढायचा नाही असा आपला न बोललेला करार आहे, आणि मी तो इतकी वर्षं पाळला. आज मोडते आहे. रागाव, पण वाच. तुझ्या हातांसारखे हात त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. मला चिमट्यात स्क्रू धरता यायचा नाही, तू मात्र दहाव्या वर्षी घड्याळाचं चाक फुंकर न घालता बसवायचीस. त्यांना तू दुकानात शेजारच्या स्टुलावर हवी होतीस, कायमची. आणि तुला मोठ्या शहरात जाऊन केस कापायला शिकायचं होतं. त्या दिवशी तू अठराव्या वाढदिवसाला त्यांनीच दिलेलं घड्याळ मनगटावरून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, हे ठेवा, मला लोकांचे केस कापायचेत, मिनिटं नाहीत. वाक्यं टाकण्यात तू तेव्हापासूनच पटाईत. पाच महिन्यांनी, फेब्रुवारीत, तू समेट करायला आलीस. नवा निळा कोट घालून दुकानाच्या पायऱ्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिलीस. आत गेली नाहीस, हाक मारली नाहीस, कारण बाबांनी आपणहून बघायला हवं होतं. ते बाहेर आले, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि तुझ्यापासून हातभर अंतरावरून सरळ निघून गेले. तू पुढच्याच बसनं परत गेलीस. मग मला लिहिलंस की त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ज्या माणसाला केसाएवढी स्प्रिंग दिसते, त्याला निळ्या कोटातली सबंध मुलगी दिसत नाही, हे मला कोणी सांगू नये. तेव्हा मलाही ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

आता मागचं आठवून बघ. आई त्यांना काय म्हणायची? समोर हत्ती उभा केला तर धडकाल, आणि मुंगीचा पाय मोडला तर नेमका बसवून द्याल. आपण दोघी हसायचो. डाव्या हाताशी ठेवलेला चहा ते हमखास सांडायचे, आई कावायची, कपाची जागा उजवीकडे झाली. सायकल त्यांनी पंचावन्नाव्या वर्षीच सोडली, गुडघ्यांवर ढकलून. पण त्याच गुडघ्यांनी जिना मात्र ते सहज चढायचे, फक्त उतरताना पायऱ्या मोजायचे. पडलेला स्क्रू शोधायला मला बोलवायचे, आणि वर म्हणायचे, डोळ्यांना काय धाड भरलीय, डोळ्यांवर तर पोट आहे. रस्त्यात ओळखीची माणसं शेजारून गेली तरी त्यांना पत्ता नसायचा. लोक म्हणायचे, घड्याळवाला चढेल झालाय. खरं तर समोरचा, मधला तुकडा तेवढा त्यांना लख्ख दिसत होता, आणि त्यांचं सगळं काम त्या तुकड्यात मावत होतं. मग चौथ्या वर्षी हृदयानं दगा दिला, आणि डोळ्यांचं काय झालं असतं ते कळायची वेळच आली नाही. मी बाईंना हे सगळं सोमवारी सांगितलं. त्या म्हणाल्या, न तपासलेल्या माणसाला मी आजार लावू शकत नाही. पण तुम्ही सांगताय तसा पेशंट उद्या माझ्याकडे आला तर मी पहिल्यांदा दाब मोजेन.

एवढ्यावर तू मानणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. मलाही आणखी काहीतरी हवं होतं. म्हणून बाईंना भेटण्याआधीच, शनिवारी दुपारी मी कपाटातून तुझं घड्याळ काढलं. बाबा गेल्यावर आईनं ते मला दिलं होतं, मी तुला देऊ केलं तर तू म्हणालीस, नको, वेळ मला घड्याळाशिवाय कळतो. त्याला त्यांच्या दुकानातली पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली आहे, गिऱ्हाइकाचं नाव आणि तक्रार लिहायची ती. तिच्यावर त्यांच्या अक्षरात आहे, ‘खारू. वेळ बरोबर. घ्यायला येईल.’ तारीख नाही. मी इतकी वर्षं धरून चालले होते की तू टेबलावर घड्याळ ठेवलंस त्याच आठवड्यात त्यांनी ते लिहिलं असणार, त्या फेब्रुवारीच्या आधी, अजून आशा होती तेव्हा. पण आपण घड्याळवाल्याच्या मुली आहोत. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ उघडलं की ते मागच्या झाकणाच्या आत सुईनं आपली खूण कोरायचे, चिमणीच्या पावलासारख्या तीन रेघा आणि शेजारी महिना, वर्ष, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला कळावं. डॉक्टरच्या वहीसारखं असतं ते, म्हणायचे. मी त्यांची छोटी बोथट सुरी घेतली, नखं सांभाळत झाकण उचकटलं आणि खिडकीशी नेलं. मोतीबिंदू असता तर मला तिथे नुसती चमक दिसली असती. खारू, झाकणाच्या आत चार पावलं आहेत. चारही मार्च महिन्यातली, तुझ्या वाढदिवसाच्या महिन्यातली. पहिलं त्या फेब्रुवारीनंतरच्या मार्चचं, आणि शेवटचं ते गेले त्याच वर्षाचं. न चालवलेल्या घड्याळातलं तेल थिजतं, म्हणून दर वर्षी उघडायचं, पुसायचं, नवं तेल द्यायचं, पुन्हा बंद करून चिठ्ठी बांधायची. घ्यायला येणार होतीस ना तू. ज्या मुलीला दारातून हाकलायचंय, तिचं घड्याळ कोणी चार वर्षं चालू ठेवत नाही. त्यांना तू आलेलीच माहीत नव्हतीस.

आणि आता माझी चूक. तुझं ते पत्र आलं तेव्हा मी बाबांना एकदा, एकदाच विचारायचं होतं, की तुम्ही तिला पाहिलंत का. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता. ते म्हणाले असते, कोणाला? आणि सगळं तिथेच मिटलं असतं. मी विचारलं नाही. त्यांना दुखवायचं नाही, दोघांच्या मधे पडायचं नाही, अशी छान छान कारणं मी स्वतःला दिली. पण ऐक, एकोणसत्तराव्या वर्षी तरी खरं बोलते: तू गेल्यावर घरात चांगली मुलगी एकटी मी उरले होते, आणि ते मला आवडत होतं. स्टुलावर मला बसता येत नव्हतं, पण ते रिकामं तरी होतं. निळी फीत फार वाईट ग. तिच्याचपायी मी काचबिंदूही लपवला. तुझ्यापुढे मोठी बहीण म्हणून सगळं धड, सगळं बिनचूक दिसायला हवं होतं. नऊ वर्षांपूर्वीच मला डॉक्टरांनी बजावलं होतं की सख्ख्या भावंडांना सांगा, त्यांनी तपासून घ्यायलाच हवं. मी मान डोलावली आणि घरी येऊन तुला थंडी कशी आहे ते विचारलं. नऊ वर्षं, खारू. तेवढ्यात तुझी काही खिडकी बुजली असेल तर त्यातल्या विटा मी रचलेल्या आहेत.

म्हणून हे पत्र. बारा तारखेच्या आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट सांग की घरात काचबिंदू आहे. दाब मोजायला सांग, मागची नस बघायला सांग, आणि त्या वाडग्याची परीक्षा दे. दिवा दिसला तरच बटण दाब, नापास झालीस तरी चालेल. ऑपरेशननंतर जे थेंब देतात त्यांनी काही जणांचा दाब चढतो, आपल्यासारख्या घरातल्यांचा जास्त, म्हणून त्यांना हे आधी कळायला हवं. तिथे तुला एक कागद भरायला देतील. त्यावर ‘कुटुंबात कोणाला काचबिंदू?’ असं विचारलेलं असतं, खाली दोन रिकाम्या ओळी असतात. मी नऊ वर्षं तिथे ‘कोणी नाही’ लिहीत आले. तू पहिल्या ओळीवर ‘मोठी बहीण’ लिही. माझ्या तपासणीचे कागद सोबत जोडले आहेत, डॉक्टरांना तेवढं पुरे. दुसरी ओळ ऐच्छिक आहे. तिथे मी ‘वडील’ लिहिलं, परवा, पहिल्यांदा. तिला पुरावा नाही, चार पावलं आहेत फक्त. घड्याळ मी पाठवत नाही. चिठ्ठीवर लिहिलंय ना, घ्यायला येईल. सकाळी किल्ली दिली होती, चालतंय. ये. मात्र आमच्या दाराशी आलीस की गप्प उभी राहू नकोस. मला डावीकडचं दिसत नाही, हाक मार.

तुझीच, आणि हाकेला ओ देणारी,
ताई